वंशावळीबाहेरची माणसे



इंदुरातल्या कोणत्याही जुन्या मराठी घरात जाऊन घराण्याचा इतिहास विचारा. चहा येण्याच्या आत चार वाक्ये कानांवर पडतील. आम्ही मल्हारबांबरोबर आलो. आमचा एक पुरुष पानपतावर पडला. आमचे मूळ आडनाव वेगळेच. आणि देशावर आमचे इनाम होते, ते भाऊबंदांनी गिळले. ग्वाल्हेरला मल्हारबांच्या जागी महादजी म्हणायचे, बडोद्याला दमाजी. बाकी वाक्ये तीच. माझ्या घरीही हीच होती आणि मी ती माझ्या मुलांना सांगितली. त्यांतले कोणते कितपत खरे, हे पाहायला मी बसलो तो साठी उलटल्यावर, आणि तेही स्वतःहून नव्हे.

राजवाड्यामागच्या बोळातला आमचा वाडा विकायचे ठरले, तेव्हा माळ्यावरून एक शिसवी पेटी खाली आली. आत लाल कापडात बांधलेले सात रुमाल होते. रुमाल म्हणजे कागदांचा बांधलेला गठ्ठा, हे इथल्या तरुण मंडळींसाठी सांगतो. सगळे कागद मोडीत होते, काहींवर अजून शाई वाळवायची वाळू चिकटलेली. माझा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे कोण वाचणार? अटालेवाल्याला देऊन टाकू." काकांनी पेटीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. काका तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांच्या लहानपणी आजोबा मोडीत धोब्याचा हिशेब लिहीत, एवढेच त्यांना आठवत होते. वाचता त्यांनाही येत नव्हते. तीन पिढ्यांत एक लिपी घरातून निघून गेली आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही, हा पहिला धक्का. तो कागदांतून मिळाला नाही, कागद वाचता न आल्यामुळे मिळाला.

मोडी शिकलो. अक्षर लागायला सहा महिने गेले. धारेला, म्हणजे डोळ्यांना अक्षरांचा ओघ सवयीचा व्हायला, आणखी वर्ष. पहिल्या रुमालातला सगळ्यांत जुना दिसणारा कागद नोकरीचा होता. त्यात आमच्या मूळपुरुषाचे नाव होते आणि सालाच्या जागी अरबी शब्द होते. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नव्हे, अरबी संख्यांच्या नावांत लिहितात. मी वाचले, 'इशरीन मया अलफ'. इशरीन म्हणजे वीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. अकराशे वीस. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७१९. मला रात्रभर झोप आली नाही. मल्हारबांचेही पाऊल माळव्यात नीट पडले नव्हते त्या काळात आमचा माणूस इंदुरात! म्हणजे आम्ही मल्हारबांबरोबर आलो नव्हतो, मल्हारबाच आमच्यामागून आले होते.

हा आनंद चार दिवस टिकला. ज्यांच्याकडे मी शिकत होतो त्यांनी कागद उजेडात धरला आणि 'मया'च्या पुढे मोडलेल्या कोपऱ्यात दबलेली दोन अक्षरे दाखवली, 'तैन'. मयातैन म्हणजे दोनशे. बाराशे वीस, इसवी सन १८१९-२०. दोन अक्षरांनी आमचे घराणे शंभर वर्षे पुढे आले.

तुमच्यापैकी जे कोणी असे कागद उघडतील त्यांना एक सांगून ठेवतो. शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या शेवटी वा जूनच्या आरंभी, त्यामुळे एका शुहूर सनात इसवी सनाची दोन साले येतात. फसली सनाचे तर आणखी त्रांगडे आहे. दक्षिणेतला फसली आणि उत्तरेतला फसली यांत सुमारे दोन वर्षांचा फरक पडतो, आणि आपण दोन्हींच्या मध्ये बसलेलो. देशावरच्या भाऊबंदांचा कागद आणि इकडचा कागद एकाच फसली सालाचा दिसला, तरी तो एकाच वर्षाचा असेलच असे नाही.

तर १८१९. हे साल कळल्यावर मी थोडा खट्टू झालो, पण मग त्या सालाकडे नीट पाहिले. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा मोड झाला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर हे राजधानीचे गाव बनले. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावांनी स्वतःला माल्कमच्या स्वाधीन केले आणि पुण्यातली पेशवाई संपली. पेशवाई संपली हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. पण पेशवाई म्हणजे फडावर बसलेले शेकडो कारकून, त्यांची बायकामुले, त्यांचे वाणी, त्यांची देणी. फड मोडला तेव्हा ही माणसे काय करणार होती? इकडे नवी राजधानी उभी राहत होती आणि तिला मोडी लिहिणारे, जमाखर्च मांडणारे हात हवे होते. आमचा मूळपुरुष पुण्याच्या एका दफ्तरात होता. तो भाला घेऊन नर्मदा उतरला नाही, बोरू घेऊन उतरला, पोटापाण्यासाठी. माझा समज असा की आज आपल्यापैकी अनेक घरे अशीच आलेली आहेत. पण बेकारीत आलो असे सांगण्यापेक्षा मल्हारबांबरोबर आलो असे सांगणे बरे वाटते, आणि एका पिढीने सांगितले की दुसरी ते खरे मानते.

तलवारीचे राहिले. दसऱ्याला आमच्याकडे एक तलवार पुजतात. मल्हारबांनी दिलेली, असे आजोबा सांगत आणि तिच्या मुठीला आम्हा पोरांना हात लावू देत नसत. चौथ्या रुमालात पणजोबांच्या वेळची रोजकीर्द आहे. तिच्यात एका आश्विन शुद्ध अष्टमीला, झेंडूच्या फुलांच्या आणि आपट्याच्या पानांच्या खर्चाच्या वरच्या ओळीत, 'तरवार एक, पूजेकरिता' अशी खरेदी आहे. ही ओळ मी काकांना वाचून दाखवली. काका खूप हसले. मग म्हणाले, "पूजा मात्र चालू ठेव."

पानपताविषयी एका शब्दाचाही कागद मिळाला नाही. त्यावर मी अधिक बोलत नाही. पानपताने ज्यांची माणसे खरोखर नेली त्यांच्या घरी कित्येक वर्षे काय झाले हे भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंवरून कळते. त्यांनी नवरा गेला हे मानलेच नाही, आणि म्हणूनच भाऊंचा तोतया उभा राहू शकला. त्याला १७७६ मध्ये मारीपर्यंत तो पेशव्यांना पुरून उरला होता. ते दुःख दुसऱ्याचे आहे. पुराव्यावाचून ते आपल्या घरात आणू नये असे मला वाटते.

आता तिसरे वाक्य, आडनावाचे. आमचे आडनाव हुद्द्याचे आहे. तुमच्यातही चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार, जामदार, खासगीवाले बसलेले आहेत. हुद्द्यामागे दडलेले आडनाव शोधणे हा बहुतेकांना निव्वळ गमतीचा भाग वाटतो. पेशवे मुळात श्रीवर्धनचे भट, नाना फडणीस भानू, हे सगळ्यांना ठाऊक असते. सागरकडचे गोविंदपंत बुंदेले हे मूळचे नेवऱ्याचे खेर. बुंदेलखंडातल्या कामगिरीने ते बुंदेले झाले. आपल्याच इंदुरात, मंदसोरच्या तहात होळकरांच्या बाजूने ज्यांचा हात होता ते तात्या जोग म्हणजे विठ्ठल महादेव किबे. एकच माणूस दोन नावांनी दोन ग्रंथांत भेटतो आणि वाचकाला ते दोघे वाटतात. माझ्या बाबतीत मात्र ही गंमत नव्हती, किल्ली होती. १८१९ च्या त्या कागदात मूळपुरुषाच्या नावापुढे हुद्दा नाही, 'कर' लागलेले गावाचे आडनाव आहे. ते घेऊन मी नाशिकला गेलो.

नाशिकला गंगेवर, त्र्यंबकेश्वरी, आणि तिकडे काशी, प्रयाग, गयेला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात हे आपण ऐकलेले असते. एकदा जाऊन पाहा. उपाध्याय तुमचे नाव विचारीत नाहीत. मूळ गाव विचारतात, मग आडनाव. मी पूर्वी एकदा वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा हुद्द्याचे आडनाव आणि 'इंदूर' सांगितले होते. तेव्हा वडील, आजोबा आणि पणजोबांपर्यंतची नोंद मिळाली आणि वही तिथे संपली. या वेळी गावाचे नाव आणि 'कर' सांगितले, तेव्हा दुसरीच वही निघाली. तीर्थाला आलेला माणूस त्या वहीत स्वतःच्या हाताने आपले, वडिलांचे, आजांचे, भावांचे, मुलांचे नाव लिहितो. बरोबर बायको, आई, विधवा बहीण आली असेल तर तीही लिहितो. पुढच्या खेपेला येणारा त्याखाली आपली भर घालतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे अक्षर, त्याने कुठे बोरू पुन्हा शाईत बुडवला हे सुद्धा दिसते.

शके १७६२ च्या, म्हणजे १८४० च्या सुमाराच्या एका नोंदीत देशावरच्या आमच्या एका भाऊबंदाने आपल्या तीन मुलांची नावे लिहिली आहेत. तिसऱ्या नावापुढे, वेगळ्या शाईत आणि मागाहून, 'इंदुरास दत्तक' असे आहे. मला काहीच बोध झाला नाही. आमच्या घरात कोणी दत्तक आल्याचे कोणी कधी बोलले नव्हते. उपाध्यायांनी चार पाने पुढे उलटली. शके १८०९ ची नोंद, अक्षर थोडे कापरे. माझे खापरपणजोबा. त्यांनी आपले नाव लिहिले आहे, वडील म्हणून इंदूरला आलेल्या त्या मूळपुरुषाचे नाव लिहिले आहे, आपली मुले लिहिली आहेत. आणि सगळे झाल्यावर, ओळ संपली असताना, खाली बारीक अक्षरांत एक नाव एकटेच लिहिले आहे. ते आधीच्या नोंदीतल्या त्या तिसऱ्या मुलाचे नाव.

दत्तकात नाव बदलते. आपल्या तिन्ही मोठ्या घराण्यांत हे झालेले आहे. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये सयाजीराव झाला. ग्वाल्हेरला भगीरथ १८४३ मध्ये जयाजीराव झाला, आणि त्याच्या आधीचे जनकोजीरावही मुकुटराव होते. झाशीचा आनंद १८५३ मध्ये गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदर झाला. राजघराण्यातले हे आपण इतिहास म्हणून वाचतो. पण सहा वर्षांचे एक पोर नदीकाठच्या खेड्यातून उचलून बैलगाडीने सातपुडा ओलांडून अनोळखी वाड्यात आणायचे आणि आजपासून तुझे नाव हे, तुझी आई ही, असे त्याला सांगायचे, हे आपल्यासारख्या साध्या घरांतही चालू होते. पन्नाशीच्या माणसाने तीर्थावर येऊन आपले जुने नाव एकदा लिहून ठेवावे, एवढ्यावरून ते त्याच्या मनातून गेले नव्हते असे मी समजतो.

हे कळल्यावर चौथ्या वाक्याकडे, इनामाकडे, मी नव्या डोळ्यांनी पाहू लागलो. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले. इनाम खाणाऱ्या प्रत्येकाने सनद दाखवायची, कैफियत द्यायची आणि वंशावळ काढून द्यायची. ज्याला इनाम मिळाले त्याच्यापासून खाली उतरत येणारा औरस पुरुषवंश चालू आहे की नाही, यावर इनाम चालणार की खालसा होणार हे ठरे. सरकारच्या मान्यतेवाचून झालेले दत्तक धरले जात नसे. आज देशावरच्या पुष्कळ घराण्यांजवळ जी सगळ्यांत जुनी वंशावळ आहे ती या चौकशीसाठी काढलेली असते. आमच्या भाऊबंदांनी दिलेल्या वंशावळीची नक्कल मला पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळाली. झाड सुबक काढले आहे. त्यात नाशिकच्या वहीतल्या त्या गृहस्थाला दोनच मुले आहेत, तिसरे नाही. बरोबरच आहे, तो दत्तक गेला. आणि इंदूरच्या शाखेवर मूळपुरुषाच्या नावाखाली लिहिले आहे, 'निसंतान'.

तेव्हा माझे खापरपणजोबा इंदुरात हयात होते, वीस वर्षांच्या आतबाहेरचे. ज्या झाडावर ते जन्मले त्या फांदीवर ते नाहीत, आणि ज्या फांदीवर कलम झाले तिथेही नाहीत. कागद देणारा त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता.

भाऊबंदांनी इनाम गिळले, हे वाक्य इथून आले असणार. मी मात्र ते आता म्हणत नाही. त्या भावापुढे काय होते ते पाहा. इंदुरात दत्तक आहे असे लिहिले असते, तर साहेबाने मान्यता विचारली असती, मान्यता नव्हती. वाद निघाला असता तर सगळेच इनाम चौकशीत अडकले असते. दोन वर्षांपूर्वीच, १८५४ मध्ये, दत्तक न मानता कंपनीने झाशी घेतली होती. राज्य जाते तिथे खेड्यातल्या काही बिघ्यांची काय कथा? त्याने लबाडी केली की घर वाचवले, हे मला ठरवता येत नाही. तो कागद मला एवढे शिकवून गेला की वंशावळ म्हणजे कोण कोणाच्या पोटी आला याचा दाखला नव्हे. ती हक्काची मांडणी आहे. जमीन, वतन, वृत्ती कोणाकडे जावी, हे पटवून देण्यासाठी ती काढलेली असते. आणि ज्याच्या असण्याने हक्क अडतो किंवा ज्याच्या असण्याला हक्कच नाही, तो माणूस तिच्यात नसतो. मुली नसतात त्या याच कारणाने. विसरल्या म्हणून नव्हे.

हे एकदा ध्यानात आले की मोठ्या घराण्यांच्या वंशावळीही वेगळ्या दिसू लागतात. पेशव्यांची घ्या. पाठ्यपुस्तकातले झाड दुसऱ्या बाजीरावांपाशी येते आणि तिथून रेघ दत्तक नानासाहेबांकडे जाते, मग संपते. पण दुसऱ्या बाजीरावांना मुलगी होती आणि ती ग्वाल्हेरच्या आपट्यांकडे दिलेली होती. झाडावर ती नाही. आणि थोरल्या बाजीरावांचा मस्तानीपासून झालेला मुलगा समशेरबहाद्दर? तो पेशव्यांच्या घरातच वाढला, पानपतावर लढला आणि त्याच जखमांनी १७६१ मध्ये जाटांच्या मुलखात मेला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर बुंदेलखंडात गेला. तिथून बांद्याचे नवाब झाले. १८५७ च्या उठावात तिथला दुसरा अलीबहाद्दर सामील झाला आणि पुढे इंग्रजांनी त्याला नेमणूक देऊन ठेवले ते आपल्या या इंदुरात. झाशीचे दामोदररावही इथेच राहिले आणि १९०६ मध्ये इथेच वारले. म्हणजे एका वेळी या एका गावात दोन माणसे राहत होती: एक झाशीच्या गादीचा वारस, ज्याच्या अंगी त्या गादीचे थेट रक्त नव्हते, दुसरा थोरल्या बाजीरावांच्या थेट पुरुषवंशातला, ज्याला पेशव्यांच्या झाडावर जागा नव्हती. माझ्या आजोबांच्या पिढीने दामोदररावांविषयी आदराने बोललेले मी ऐकले आहे. बांद्याच्या नवाबांविषयी आमच्या घरात कोणी एक शब्द काढल्याचे आठवत नाही. ते आपले कोणी होते असे कोणाला वाटलेच नव्हते.

मग ज्या कागदांना हक्काशी काही कर्तव्य नसते, त्यांत झाडाबाहेरची माणसे सापडतात. जमाखर्चात, बाळंतिणीच्या खर्चात, तीर्थाच्या वहीत. आणि श्राद्धाच्या यादीत. पितृपक्षात ज्यांच्या घरी महालय होतो त्यांना ही यादी ठाऊक आहे. तिच्यात बाप, आजा, पणजा येतातच, पण आई, आजी, पणजी, आईकडचे तीन पुरुष, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, त्यांचे नवरे, मुले, सासरा, गुरू आणि आप्त, सगळ्यांची नावे गोत्रासह येतात. ज्या आत्यांचे वंशावळीत नामोनिशाण नाही त्या इथे नवऱ्याच्या गोत्रासकट हजर असतात. पोटातल्या माणसांसाठी वंशावळ उघडण्याआधी ही यादी उघडावी.

आमची यादी दरवर्षी वाचली जाते. खापरपणजोबांनी केली, पणजोबांनी बालबोधीत उतरली, वडिलांनी वहीत. तिच्यात शेवटाकडे एका बाईचे नाव आहे. आमचे गोत्र भारद्वाज. तिच्या नावापुढे काश्यप. नात्याचा रकाना मोकळा. मी लहानपणापासून ते नाव ऐकत आलो आणि कुठली तरी लांबची मावशी असेल असे धरून चाललो. भटजींनी एकदा सहज सांगितले, ज्याचे गोत्र माहीत नसते त्याला काश्यप म्हणतात. तेव्हाही मी लक्ष दिले नाही.

ते नाव मला पुन्हा दिसले तिसऱ्या रुमालात. मूळपुरुषाची रोजकीर्द, १८३० नंतरची. त्यात 'कुणबीण येक खरेदी', पुढे हे नाव, अदमासे वय आणि किंमत. त्याच पानावर एका घोडीची खरेदी आहे. घोडीची किंमत जास्त आहे.

कुणबीण या शब्दाने फसू नये. कुणब्याची बायको तीही कुणबीण, आणि विकत घेतलेली दासी तीही कुणबीण; पेशवाईच्या कागदांत दुसरा अर्थ उदंड भेटतो. सरकारवाड्यात, किल्ल्यांवर, पागांत, कोठ्यांत त्या कामाला असत; एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात. माळव्याविषयी माल्कमने १८२३ साली छापलेल्या ग्रंथात इकडची गुलामगिरी मुख्यतः बायकांचीच असल्याचे नमूद केले आहे. दुष्काळात पोरी विकल्या जात. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामाचा हक्क कोर्टात चालेनासा झाला. संस्थानांत तो कायदा थेट लागू नव्हता. हे सगळे मी पुस्तकांत वाचलेले होते. ते आमच्या रोजकिर्दीत, आमच्या अक्षरात असेल असे मला वाटले नव्हते. का वाटले नव्हते, याचे माझ्याकडे उत्तर नाही. सधन कारकुनाच्या घरात ते असणारच.

पुढची पाने मी सावकाश वाचली. दर वर्षी तिच्या नावे दोन लुगडी. एकदा तापाचे औषध. मूळपुरुषाची पत्नी शके १७६७ मध्ये वारली, दत्तक येऊन दोन वर्षे झाली होती. त्यानंतर लहान मुलाच्या अंगरख्याचे, त्याच्या दुधाचे, पाटीचे पैसे 'हस्ते' म्हणून तिच्या नावाने खर्ची पडू लागतात. पूर्वी ते तसे पडत नव्हते. वर्षानुवर्षे ती 'हस्ते' आहे. मग वही दुसऱ्या अक्षरात जाते, खापरपणजोबांच्या, आणि त्यांच्या हाताची एक नोंद तिच्या उत्तरकार्याच्या खर्चाची आहे. रक्कम बरीच आहे. त्यानंतर यादी.

दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मदात्यांच्या पिंडाचा अधिकार सुटतो, असे शास्त्र आहे. खापरपणजोबांच्या यादीत त्यांची जन्मदात्री नाही. दत्तक आई आहे, आईच्या जागी, गोत्रासह. आणि शेवटाकडे ही. विधीत सेवकांसाठीही जागा आहे, तेव्हा ती तिथे बसवली असे कोणी म्हणेल. बसवायची असती तर 'दासी' असे लिहिता आले असते. त्यांनी नात्याचा रकाना मोकळा ठेवला आहे. कागद एवढेच सांगतो आणि मी त्याच्यापुढे जात नाही. मुलाला तिचा लळा होता की घरच्या हिशेबाची ही नुसती रीत होती, हे 'हस्ते' या शब्दावरून ठरवणारा मी कोण? तिला विकले कोणी, ती कोणत्या गावची, तिचे खरे नाव हेच की तेही इथे आल्यावर दिलेले, हे कुठेच नाही.

या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मी हे काकांना वाचून दाखवले. काका आता एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. तलवारीला ते हसले होते. याला हसले नाहीत. म्हणाले, "घरातली गोष्ट व्यासपीठावर कशाला? आपण माणूस विकत घेतला हे चारचौघांत सांगायचे?" मी म्हणालो, पानपतावर पडलो हे चारचौघांत सांगत होतोच की. ते रागावले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि म्हणाले, सांग, पण तिचे नाव छापू नकोस. तिला विचारता येत नाही. ते मला पटले, म्हणून मी ते आज उच्चारलेले नाही.

गेल्या पितृपक्षात वडिलांची वही फाटायला आली म्हणून पुतण्याने यादी संगणकावर उतरवून घेतली. तक्ता केला: नाव, गोत्र, नाते. शेवटच्या ओळीला तो थांबला आणि म्हणाला, "काका, हिच्यापुढे नाते काय घालू? रकाना रिकामा राहिला तर चूक दिसते." माझे काका आरामखुर्चीत होते, आम्हांला वाटले डोळा लागला आहे. ते डोळे न उघडता म्हणाले, "रिकामाच ठेव. त्यांनी ठेवला होता."